मिनिट्समध्ये न लिहिलेली ओळ

“हे पाडता येईल का?” शिरीषने विचारलं आणि सहा पानं माझ्या टेबलावर ठेवली.

आमच्या धंद्यात निवाडा ‘पाडतात’. भांडण कोर्टात न नेता दोन्ही बाजू मिळून एका त्रयस्थ माणसाला नेमतात, तो लवाद. त्याने दिलेला निर्णय म्हणजे निवाडा. आम्ही बोलताना अवॉर्ड म्हणतो. अवॉर्डवर अपील नसतं. लवादाने पुरावा नीट वाचला नाही, दुसऱ्या कोणी वेगळा निर्णय दिला असता, अशा कारणांनी कोर्ट त्याला हात लावत नाही. पण कायद्यात एक बारीक दार ठेवलेलं आहे, कलम चौतीस. त्यात मोजकी कारणं दिली आहेत. त्यातलं एक म्हणजे अवॉर्ड ‘पब्लिक पॉलिसी’च्या विरोधात असणं. पब्लिक पॉलिसी म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कोणालाच धड सांगता येत नव्हतं. असा शब्द वकिलाला फार उपयोगी पडतो.

मी पानं वाचली. निवाडा मराठीत होता, हाताने लिहिलेला. एकही खाडाखोड नव्हती. शेवटच्या पानावर मी थांबलो. तिथे लिहिलं होतं: ‘करारनाम्याच्या कलम अकरानुसार ही अक्षरे फर्मची ठरतात, हे मला समजते. परंतु ती ज्या हातातून आली त्या हातापासून तोडणे मला रास्त वाटत नाही. मला जे रास्त वाटले ते मी लिहिले आहे.’ खाली मोघे सरांची सही.

“पाडता येईल,” मी म्हणालो.

ते या शेवटच्या वाक्यावरच पाडता येईल, हे मला पहिल्या वाचनात कळलं. सरांनी ते वाक्य का लिहिलं, हेही मला ठाऊक होतं.

शिरीष, वंदना ओव्हाळ आणि मी एका कॉलेजचे. मोघे सरांनी आम्हा तिघांना गणित शिकवलं. मी नंतर लॉकडे वळलो. शिरीष संगणकाच्या नादी लागला. वंदना आधीपासून अक्षरांच्या नादात होती. बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या आणि प्रत्येक ऑफिसात टाइपरायटर जाऊन संगणक येत होता. संगणकावर मराठी मात्र येत नव्हती, आलीच तर ओळखू यायची नाही. शिरीष म्हणाला, आपण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर काढू. प्रोग्राम तो लिहिणार आणि अक्षरं वंदना काढणार.

संगणकाला प्रत्येक अक्षराचं चित्र लागतं. ते कोणीतरी आधी काढून द्यावं लागतं. अशा सगळ्या चित्रांचा संच म्हणजे फॉन्ट. मराठीला शेकडो चित्रं लागतात, कारण आपली अक्षरं एकमेकांना जोडली जातात, अर्धी होतात, डोक्यावर रफार घेतात.

वंदनाने ती अक्षरं हवेतून काढली नाहीत. तिचे वडील खडकीला कारखान्यात पेट्यांवर नंबर रंगवायचे. सुट्टीच्या दिवशी दापोडीत लोकांच्या पाट्या रंगवायचे. विहाराची पाटी, वाचनालयाची पाटी, कोणाच्या दारावरचं नाव. ओव्हाळकाकांचा ‘क’ पोटाशी भरलेला असायचा. त्यांच्या ‘ळ’चे दोन्ही डोळे सारखे नसायचे, उजवा जरा मोठा. वंदनाने त्या पाट्यांवर पातळ कागद लावून अक्षरं उतरवून घेतली आणि तीन वर्षं घासून त्यांचा फॉन्ट केला. काका तोवर गेले होते.

टिळक रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मी नवा वकील, कामं बेताची. शनिवारी कोर्ट नसलं की तिकडे जाऊन बसायचो. वंदना प्रिंटआउट भिंतीला चिकटवायची आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायची.

“अवी, हा ‘ण’ डोलतोय का बघ.”

“मला काय कळतंय?”

“म्हणून तर तुला विचारते. ज्याला कळत नाही त्यालाही डोलताना दिसला, तर तो डोलतोय.”

आतून शिरीष ओरडायचा, “वंदे, ‘ण’ला आधार कार्ड काढायचंय का? दे पुढे!” असं मला आठवतं, पण ते आधार कार्ड तेव्हा नव्हतंच. रेशनकार्ड म्हणाला असेल. हल्ली माझ्या आठवणीत त्या खोलीतली वाक्यं बदलतात. मी ती फार वेळा आठवतो म्हणून असेल. त्यानंतर मी बऱ्याच मोठ्या ऑफिसांत बसलो, एसी कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. पण आपण इथेच असायला हवं, दुसरीकडे कुठे नको, असं मला त्या एका खोलीतच वाटलं.

त्यांचा भागीदारीचा करारनामा मी केला. माझ्याकडे नमुना एकच होता, पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्याचा. त्यातली नावं बदलून मी टाइप करून घेतला. त्याचं कलम अकरा होतं: ‘फर्मच्या कामकाजात तयार होणारे साचे, नकाशे व नमुने फर्मच्या मालकीचे राहतील.’

वंदनाने सही करण्याआधी सगळा वाचला. ती सगळंच वाचते.

“नमुने म्हणजे माझी अक्षरं पण का रे?”

“अगं, ते डब्यांचं आहे,” मी म्हणालो. “फॉर्मॅलिटी आहे ती.”

तिने सही केली.

सात-आठ वर्षांनी बंगळुरूची एक कंपनी सॉफ्टवेअर विकत घ्यायला तयार झाली. शिरीषकडे तोवर अकरा माणसं कामाला होती. त्यांना सगळ्यांना ती कंपनी सामावून घेणार होती. अट एकच. अक्षरं फर्मची आहेत आणि ती विकतोय, असं स्वच्छ लिहून हवं. वंदना म्हणाली, प्रोग्राम विक, अक्षरं वापरायला दे, पण ती विकायची नाहीत. आणि फॉन्टला बाबांचं नाव द्यायचं. कंपनीला दोन्ही मान्य नव्हतं. शिरीष आणि वंदना बोलेनासे झाले.

करारात लवादाचं कलम होतं. लवाद कोण, यावर मात्र दोघांचं एका मिनिटात जमलं. मोघे सर.

सर रिटायर होऊन धायरीला राहायला गेले होते. तेव्हा तिथे निम्मी शेतं होती. पहिलं सिटिंग, म्हणजे लवादासमोरची पहिली बैठक, त्यांच्या घरी झाली. मी शिरीषबरोबर गेलो होतो, फर्मचा वकील म्हणून. वंदनाने वकील आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, “तू आहेस की.”

सर तयारच नव्हते. “मला कायदा येत नाही रे. मी गणिताचा माणूस. हे कलम अकरा वगैरे मी लावत बसणार आणि चुकणार.”

“सर, कायदा नकोच आम्हाला,” शिरीष म्हणाला. “तुम्हाला रास्त वाटेल ते लिहा.”

“हो सर,” वंदना म्हणाली. “तुम्ही म्हणाल ते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “असं चालतं का?”

“चालतं सर. कायद्यातच तशी सोय आहे.”

सोय खरंच आहे. एरवी लवादाला करार आणि कायदा धरूनच निर्णय द्यावा लागतो. पण दोन्ही बाजूंनी स्पष्टपणे तसं सांगितलं, तर तो निव्वळ न्यायबुद्धीने देऊ शकतो. ‘स्पष्टपणे’ हा शब्द कलमातच आहे. शहाणा वकील ते लेखी घेतो.

सर म्हणाले, “मिनिट्स तूच लिही. मला त्यातली भाषा येत नाही.” मिनिट्स म्हणजे बैठकीत काय झालं त्याची नोंद. मी लिहिलं: दोन्ही पक्ष हजर. लवादाची नेमणूक मान्य. पुढची तारीख अमुक. त्यानंतरची ओळ लिहायची होती: ‘लवादाने न्यायबुद्धीने निर्णय द्यावा असे उभय पक्ष सांगतात.’ त्याखाली दोघांच्या सह्या. तेवढ्यात काकूंनी पोहे आणले. सर आपल्या हाताने वंदनाला लिंबाची फोड देत होते. आणि मला वाटलं, सरांवर विश्वास आहे हे लिहून त्यावर सह्या घ्यायच्या म्हणजे सरांचा अपमान आहे. ज्यांच्यासमोर आम्ही फळ्यापाशी उभे राहिलो त्यांच्याकडून आता पावती घ्यायची का? मी पेनाला टोपण लावलं.

इथवर जे झालं त्याला मी चूक म्हणतो. पुढचं चूक नव्हे.

सरांनी चार बैठका घेतल्या. दापोडीला जाऊन उरलेल्या पाट्या पाहून आले. मग ती सहा पानं लिहिली. अक्षरं वंदनाची. फर्मने आधी विकलेल्या प्रतींत ती राहावीत, पुढे तिच्या परवानगीनेच वापरावीत. फॉन्टला तिच्या वडिलांचं नाव द्यावं.

मी अर्ज केला. मुद्दे दोन. लवादाने कराराचं कलम अकरा समजूनही बाजूला सारलं. आणि न्यायबुद्धीने निर्णय देण्याचा अधिकार पक्षांनी स्पष्टपणे दिल्याचं रेकॉर्डवर कुठेही नाही. सबब अवॉर्ड पब्लिक पॉलिसीच्या विरोधात.

त्या काळी नुसता अर्ज दाखल केला की अवॉर्डची अंमलबजावणी आपोआप थांबायची. जिंकायची गरज नव्हती. अर्ज जिवंत ठेवला की झालं. मी तो जिवंत ठेवला. कधी मी दुसऱ्या कोर्टात, कधी कागद तयार नाहीत, कधी माझ्या अशिलाची तब्येत. मध्येच सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला आणि पब्लिक पॉलिसीचं दार चांगलंच रुंद झालं. उघड बेकायदा असलेला अवॉर्डही त्यातून पाडता येऊ लागला. त्या निकालाचा अभ्यास करायला म्हणून मी आणखी दोन तारखा घेतल्या.

वंदना प्रत्येक तारखेला यायची. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात समोर दिसली की सुरुवातीला नुसती बघायची. एकदा मीच विचारलं, “कशी आहेस?”

“बरी आहे. आपण कसे आहात, वकीलसाहेब?”

पुण्यात ‘आपण’ हा शब्द आदरासाठी आहे. माणसाला अंगणाबाहेर उभं करायलाही तोच वापरतात.

पाच वर्षांनी अर्ज सुनावणीला लागला. वंदनाच्या बाजूने भोसले वकील होते. साठीच्या पुढचे, सरळमार्गी.

“साहेब, रास्त वाटेल ते लिहा, असं दोघांनी तोंडी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “माझ्या अशिलाचं तसं अ‍ॅफिडेव्हिट आहे.”

“समोरच्यांनी ते नाकारलंय,” न्यायाधीश म्हणाले. शिरीषचं उलट अ‍ॅफिडेव्हिट होतं: ‘तसे झाल्याचे मला आठवत नाही.’ ते वाक्य मी सुचवलं होतं. “लवादांचं काही म्हणणं?”

“त्यांना विचारलं, साहेब. ते म्हणाले, लवादाने स्वतःच्या निवाड्याची वकिली करायची नसते.” भोसले माझ्याकडे वळले. “पण माझे विद्वान मित्र त्या बैठकीला हजर होते. त्यांनाच विचारावं.”

कोर्टात असं विचारत नाहीत. वकील म्हणजे साक्षीदार नव्हे. पण न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय हो? होतात तुम्ही?”

मागच्या बाकावर वंदना बसली होती. मी वळून पाहिलं नाही.

मला तीन उत्तरं देता येत होती. ‘असं झालं होतं’ म्हणालो असतो तर अर्ज तिथेच संपला असता. ‘मी साक्षीदार आहे, मला या प्रकरणातून मोकळं करा’ म्हणालो असतो तर ते नियमाला धरून झालं असतं. खरं म्हणजे ते मी पाच वर्षांपूर्वीच, सहा पानं टेबलावर आली त्या दिवशी, म्हणायला हवं होतं.

“होतो, साहेब,” मी म्हणालो. “मिनिट्स माझ्याच हातचे आहेत. रेकॉर्डवर तसं काही नाही.”

एकही शब्द खोटा नव्हता. भोसल्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि खाली बसले.

अवॉर्ड रद्द झाला. निकालात माझ्या युक्तिवादातली दोन वाक्यं जशीच्या तशी होती. शिरीषने पेढे आणले. मग आयटी कंपन्यांची कामं माझ्याकडे यायला लागली. लोक ओळख करून द्यायचे, ‘हे अवॉर्ड पाडतात.’

पण शिरीषलाही त्यातून फारसं काही मिळालं नाही. त्या पाच वर्षांत युनिकोड आलं होतं. म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी संगणकाची एकच ठरलेली पद्धत. जुने फॉन्ट त्यात चालत नव्हते, नव्याने बांधावे लागत. बंगळुरूच्या कंपनीने प्रोग्राम आणि माणसं घेतली, कागदोपत्री अक्षरंही घेतली आणि वापरली मात्र स्वतःचीच. वंदनाच्या हातात निवाडा वेळेवर पडला असता तर तिने तिची अक्षरं स्वतः नव्याने बांधली असती. तेवढा वेळ मी खाल्ला.

निकालानंतर मी धायरीला गेलो. कशासाठी, ते मलाच माहीत नव्हतं. सरांनी निकालाची प्रत मागवून वाचली होती.

“निकाल बरोबर आहे,” ते म्हणाले. “पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाहीत. मीच तुमचे कापायचो.”

त्यांनी प्रतीचं शेवटचं पान उलटलं.

“उत्तर चुकलं होतं का रे पण?”

“नाही, सर.”

“मग ठीक आहे.” त्यांनी प्रत घडी करून मला परत दिली. “चहा घेणार आहेस का? काकू झोपलीये, मला करावा लागेल.”

म्हणजे जा. मी निघालो. सर पुढे तीन वर्षं होते. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही.

वंदनाला नव्याने लवाद नेमून पुन्हा सुरुवात करता आली असती. कायदा ती मुभा देतो. तिने केली नाही. ती आता लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात अक्षररचना शिकवते. गेल्या वर्षी मी तिथे एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय माझाच, कंत्राटं आणि वाद. ती शेवटच्या रांगेत उभी होती. मी खाली उतरून तिच्याकडे गेलो. मी जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं, ते तिला सांगायचं होतं.

“मी बंगळुरूच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं,” मी म्हणालो. “अक्षरांवरचा हक्क सोडा म्हणून.”

“मग?”

“अशा नावाची फाइल आमच्याकडे सापडत नाही, असं कळवलंय.”

“म्हणजे त्यांच्याकडेही नाहीत.”

“वंदना, तू पुन्हा काढ ना. आता कोणी अडवणार नाही.”

“कोर्टाने सांगितलंय ना, माझी नाहीत म्हणून?”

“कोर्टाने तसं म्हटलेलं नाही. कोर्टाने फक्त अवॉर्ड रद्द केला. अक्षरं कोणाची, यावर निर्णय झालेलाच नाही.”

“हो का?” ती म्हणाली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच वर्षांनी. “यातला फरक मला समजावून सांगता, वकीलसाहेब? माझ्या वर्गालाही उपयोग होईल.”

तिच्या हातात मुलांच्या कामांचे कागद होते. वरच्या कागदावर एका मुलीने ‘क’ काढला होता. पोट सपाट होतं. मी त्याकडे बघत राहिलो. वंदनाने तो कागद गठ्ठ्याच्या खाली सरकवला आणि तासाला निघून गेली.

दापोडीच्या त्या पाट्याही आता नाहीत. मी जाऊन आलो. वाचनालयावर फ्लेक्स आहे. विहार नव्याने बांधला, त्याची पाटी ग्रॅनाइटची आहे, अक्षरं संगणकावरची. जुनी पाटी कुठे गेली, हे कोणाला सांगता आलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “तुम्ही ओव्हाळांचे कोण?” मी म्हणालो, “कोणी नाही.” त्यांनी पाणी दिलं.

कायदा बदलला. नुसत्या अर्जाने अवॉर्ड आता थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि कोर्ट अटी घालतं. पब्लिक पॉलिसीचं दारही पुन्हा बरंच अरुंद केलंय. मला विचाराल तर बरं केलं.

मी स्वतः आता कधी कधी लवाद म्हणून बसतो. पहिल्या सिटिंगला दोन्ही पक्षांना एकच प्रश्न विचारतो: कायद्याने निर्णय हवा की न्यायबुद्धीने? आणि उत्तर त्यांच्याच हाताने लिहून सह्या घेतो. लोकांना अवघडल्यासारखं होतं. “एवढं लिहायलाच हवं का? विश्वास आहे ना आमचा तुमच्यावर,” असं म्हणतात. मी म्हणतो, आहे तोवर लिहा, नंतर कोणी सही करत नाही. ज्युनिअर हे वाक्य टिपून घेतात.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. ज्या प्रकरणात आपण स्वतः साक्षीदार आहोत, त्यात वकीलपत्र घ्यायचं नाही. ही ते टिपून घेत नाहीत. म्हणतात, सर, हे तर पुस्तकातच आहे.

माझ्याही पुस्तकात होतं.